खातं माझं, क्लब त्यांचा

"फोन दे," क्लबचे प्रभारी सर म्हणाले.

मी दिला. वर्गात वही तपासायला देतो तसा सहज दिला. वाटलं, बघतील आणि परत करतील. त्यांनी तो अथर्वच्या हातात ठेवला. अथर्व आमच्या कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबचा अध्यक्ष. त्यानं फोनला केबल जोडली. लॅबच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन पडला आणि त्या चौकोनात माझा फोन उघडला.

समोर क्लबची सगळी पोरं-पोरी. मी खजिनदार. मी भिंतीशेजारी उभी.

"पेमेंटचं ॲप उघड," सर अथर्वला म्हणाले. "बघू दे सगळ्यांना, वर्कशॉपचे पैसे कुठं गेलेत."

वर्कशॉपच्या फीचे पैसे वरच दिसत होते. आलेले, जसेच्या तसे. तिथंच थांबता आलं असतं. अथर्व थांबला नाही. त्याचं बोट खाली जात राहिलं आणि माझं घर भिंतीवर चढत राहिलं. भाजीवाला. रिचार्ज. मेडिकल. वडापाव. परत मेडिकल.

"मेडिकल महिन्याच्या महिन्याला, एकदम टायमावर," मागून कुणीतरी म्हणालं. पोरी खाली बघायला लागल्या. पोरं हसली.

मग एक ओळ आली. पैसे पाठवताना खाली दोन शब्द लिहायची सोय असते ना, तिथं लिहिलेलं: भांडी ओटी. त्याच्याखाली परत तेच. भांडी ओटी. भांडी ओटी.

"भांडी ओटी काय आहे गं?" अथर्वनं विचारलं.

मी भिंतीवरून नजर काढली.

"अगं सांग ना. रोबोट बनवतेस का भांडी बनवतेस?"

"बनवत नाय भावा, घासते," दुसरा म्हणाला.

माझी आई महाळुंग्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं धुते. ठेक्यावर. ओव्हरटाइम पगारात धरत नाहीत. ठेकेदाराचा सुपरवायझर ते पैसे वरच्या वर माझ्या नंबरवर टाकतो, कारण आईचा फोन बटणांचा. कशाचे पैसे टाकले ते त्याला आठवावं म्हणून तो लिहितो, भांडी ओटी; ओटी म्हणजे ओव्हरटाइम. हे त्या भिंतीसमोर सांगायला मला तोंड नव्हतं. आज सांगते. आई भांडी घासते. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण त्या दिवशी मी लाजले. त्यांनी लाजायला लावलं आणि मी लाजले.

आणखी खाली स्कॉलरशिप जमा झालेली दिसली.

"ओहो! सरकारी जावई!"

"जावई कसा रे? सून म्हण."

सरांनी हात वर केला. "हसू नका रे. ही मुलं फार कष्टानं वर येतात. आपण समजून घ्यायला हवं."

सगळे एकदम गंभीर झाले. माझ्याकडे बघायला लागले. कुत्र्याच्या पायाला लागलं असलं की बघतात तसं. त्यापेक्षा हशा बरा होता.

"आता बॅलन्स दाखव. पिन टाक," सर म्हणाले.

मी पिन टाकला. भिंतीवर आकडा आला. वर्कशॉपचे पैसे, स्कॉलरशिप, आईचा ओव्हरटाइम, सगळं मिळून.

"आहेत की पैसे!" अथर्व ओरडला. "आठवडा झाला सांगतीये, खातं बंद पडलंय, पैसे निघत नाहीत. पार्ट्सवाला रोज मला फोन करतोय. सर, ही बसलीये पैशांवर."

"दिसतात, पण जात नाहीत," मी म्हणाले. "बघा तुम्हीच."

मी सगळ्यांसमोर अथर्वला एक रुपया पाठवला. भिंतीवर चक्र फिरलं. फिरलं. मग लाल खूण. पेमेंट झालं नाही.

"मुद्दाम चुकीचा पिन टाकला हिनं," तो म्हणाला.

एक रुपयासुद्धा माझ्या बाजूनं बोलला नाही आणि माणूसही नाही.

आता माझ्या खात्यात क्लबचे पैसे आलेच कसे, ते ऐका. कारण चोरी तिथं आहे.

कॉलेजात क्लब ढीगभर. क्लबला बँकेत खातं नाही. खातं काढायचं तर प्राचार्यांचं पत्र लागतं, ठराव लागतो, वर्षाचा हिशेब दाखवावा लागतो. एवढं कोण करणार? म्हणून रीत पडलेली. खजिनदाराचा स्वतःचा क्यूआर पोस्टरवर छापायचा. फी त्यावर, वर्गणी त्यावर, टी-शर्टचे पैसे त्यावर. कागद नाही, पत्ता नाही. सगळं भरवशावर.

मी दुसऱ्या वर्षाला होते. अथर्वनं मला कँटीनमध्ये गाठलं. खजिनदार हो म्हणाला. मला वाटलं, माझं काम बघून म्हणतोय. मी विचारलं, "मीच का?"

तो खरं बोलला. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही, हे जास्त लागतं. "माझ्या खात्यात असे पैसे आले तर पप्पांचा सीए डोकं खातो. टॅक्सची लफडी. तुझं खातं रिकामंच असतं ना? तुला कोण विचारणार?"

मी हसून हो म्हणाले. चिखलीच्या दोन खोल्यांत घरी येऊन पेढे वाटल्यासारखं सांगितलं, मला खजिनदार केलं. पप्पा पावडर कोटिंगच्या शेडमधून आले होते. म्हणाले, "पैशाचं काम दिलं म्हणजे इश्वास हाय." आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पहिलं पोस्टर छापून आलं. क्यूआरखाली माझं पूर्ण नाव होतं. नाव, वडलांचं नाव, आडनाव. आडनाव वाचलं की आमची वस्ती कळते, देव कळतात, नसलेले देव कळतात. सरांनी पोस्टर हातात धरलं आणि म्हणाले, "इथं क्लबचा लोगो चिकटवा. स्पॉन्सर लोक येतात. उगाच प्रश्न नकोत." मी स्वतः कात्री घेऊन लोगो कापले. स्वतः चिकटवले. माझ्याच नावावर.

आमच्या घरात एकच खातं धड चालतं. माझं. स्कॉलरशिप त्यात, आईचा ओव्हरटाइम त्यात, आता क्लबही त्यात. ज्यांच्याकडे चार खाती आहेत ते म्हणतील, वेगळं खातं का नाही काढलंस? काढता आलं असतं. सुचलं नाही. मला वाटायचं, आपण प्रामाणिक आहोत ना, मग पैसे एकत्र असले काय नि वेगळे काय.

प्रोजेक्टरच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"होल्ड लागलाय. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा."

"मी काय केलं मॅडम?"

"तू नसशील केलं. तुला पैसे पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी खात्यात फसवणुकीचा पैसा फिरलाय. तो जिथं जिथं गेला ती सगळी खाती बांधून ठेवतात. पण एवढ्या लोकांकडून पैसे का घेतेस तू? धंदा आहे का काही?"

मी क्लबचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सोपं आहे. कॉलेजकडून लेटरहेडवर लिहून आण. हे पैसे वर्कशॉपच्या फीचे, खातं क्लबसाठी वापरलं. ते पत्र पोलिसांना जाईल. पुढचं होईल."

एक पत्र. चार ओळी. मी रिक्षाचे पैसे वाचवून चालत कॉलेजला गेले. पाय हलके होते. वाटलं, सुटले.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोलिसांत कॉलेजचं नाव? डोकं ठिकाणावर आहे का? खातं कुणाचं आहे?"

"माझं, सर. पण वापरलं क्लबनं."

"खातं तुझं. विषय संपला. उद्या आईला घेऊन ये."

आईनं खाडा केला. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या शिव्या, त्या वेगळ्या. लग्नातली निळी साडी नेसली. केबिनमध्ये सर, अथर्व, आम्ही दोघी. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हणालं नाही. आई उभीच राहिली, पदर दोन्ही हातांत धरून.

"बाई, तुमच्या मुलीला आम्ही संधी दिली," सर सांगायला लागले. "विश्वास टाकला. तुमच्यातल्या मुली इतक्या पुढे येत नाहीत. म्हणून मुद्दाम दिली. आणि तिनं काय केलं?"

"काय केलं साहेब?" आईला खरंच कळत नव्हतं.

सरांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी वाचला. 'मी कोणालाही न विचारता क्लबच्या नावाने स्वतःच्या वैयक्तिक खात्यात रक्कम स्वीकारली. यास महाविद्यालय वा क्लब जबाबदार नाही. सदर रक्कम मी व माझे पालक भरून देऊ.' खाली दोन जागा. माझी सही. पालकांची सही.

"एवढं केलं की प्रकरण घरातल्या घरात मिटेल," सर म्हणाले. "नाहीतर मला वर कळवावं लागेल. मग परीक्षा, वर्ष, सगळंच अवघड."

आई माझ्याकडे बघत होती. "काय लिव्हलंय ग बाई त्यात?"

मी सांगायच्या आत अथर्व उठला. टेबलाच्या खणातून त्यानं शाईचा पॅड काढला. झाकण उघडून आईसमोर ठेवला. कुणी मागितला नव्हता.

"काकू, अंगठा चालेल."

माझ्या आईला लिहिता येतं. गावाकडं सातवीपर्यंत शिकली आहे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिच्याच सह्या आहेत, एकेक अक्षर सुटं, रेघ वर घट्ट ओढलेली. ती बोलेल म्हणून मी थांबले. म्हणेल, मला सही येते.

आईनं पॅडकडे बघितलं. अथर्वकडे बघितलं. सरांकडे बघितलं. त्यांना काय हवंय ते तिला कळलं. आणि तिनं अंगठा पुढे केला.

लेकीचं वर्ष वाचावं म्हणून माझी आई अडाणी झाली. माझ्या डोळ्यांसमोर. माझ्यासाठी.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं. बांगडी फुटली.

"न्हाई," मी म्हणाले. कॉलेजात आल्यापासून मी 'नाही' म्हणायला शिकले होते. त्या वेळी तोंडातून घरचा शब्द आला. येऊ दे.

"काय?" सर म्हणाले.

"सही होणार नाही. माझीही नाही, हिचीही नाही. पोस्टर तुम्ही मंजूर केलं. माझ्या नावावर लोगो चिकटवायला तुम्ही सांगितलं. पैसे येत होते तोवर खातं क्लबचं. अडकलं की माझं?"

"आवाज खाली."

"भिंतीवर माझा फोन लावला तेव्हा आवाज नव्हता ना माझा. तेव्हा कुठं ऐकलंत?"

अथर्व मोबाइलमध्ये बघत होता. सर थंडपणे म्हणाले, "तुम्हा लोकांना एवढंसं दिलं की असं होतं. परीक्षेला कशी बसतेस ते मी बघतो."

मी कागद उचलला. फाडला नाही. घडी करून घेतला. "हा माझ्याकडे राहू दे," म्हणाले. पहिल्यांदा सरांचा चेहरा बदलला. ते खुर्चीतून अर्धे उठले. मी आईला घेऊन बाहेर पडले.

तुम्हाला वाटेल, आईनं मला जवळ घेतलं असेल. शाबास म्हणाली असेल. नाही. बसस्टॉपवर ती फुटलेल्या बांगडीचा ओरखडा चाटत बसली होती आणि म्हणाली, "केली असती तर काय झालं असतं? आपुन काय आज पहिल्यांदा वाकायलोत का?" घरी गेल्यावर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ओव्हरटाइम खात्यात अडकलेला. पप्पांच्या छातीचं औषध उधारीवर. हे त्या 'न्हाई'च्या पोटातच होतं. मला माहीत होतं, तरी मी म्हणाले.

क्लबच्या ग्रुपवरून मला काढलं. काढायच्या आधी माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हिच्याशी पैशांचा व्यवहार करू नका. आता मी कँटीनच्या रांगेत उभी राहिले की पुढची पोरगी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेते. करू दे.

मी त्या टाइप केलेल्या कागदाच्या प्रती काढल्या. भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या कॉलेजच्या समान संधी कक्षात अर्ज दिला. 'तुमच्यातल्या' आणि 'तुम्हा लोकांना' हे शब्द सरांनी कधी, कुणासमोर वापरले ते लिहिलं. साक्षीदार म्हणून अथर्वचंही नाव घातलं. दुसरा अर्ज सायबर पोलिसांना पाठवला. दोन्हींची पोच घेतली. कक्षानं बोलावलं. तिथं सर नव्हते, त्यांचेच मित्र होते. एक मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, तुझं करिअर आहे पुढं. सर पत्र देतील, तू अर्ज मागे घे. दोघांचंही राहील."

पत्र हवंच होतं मला. घरात औषधाची बाटली रिकामी होती. तरी मी विचारलं, "पत्रात काय लिहिणार? क्लबनं माझं खातं वापरलं, हे लिहिणार?"

"तसं नाही, पण मोघम..."

"मग नको."

खातं अजून बांधलेलंच आहे. आईचा ओव्हरटाइम आता शेजारच्या वहिनींच्या नंबरवर येतो. परीक्षेच्या हॉलतिकिटासाठी मी तीन खिडक्या फिरते आहे. सगळीकडे एकच उत्तर, सरांना भेट. नाही भेटणार. यंदा नवा खजिनदार नेमलाय, पहिल्या वर्षाची पोरगी, वडील कंपनीत हेल्पर. मी तिला गाठून सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "पण ताई, सर म्हणाले विश्वासाचं काम आहे." मी तिला म्हणाले, विश्वास लेटरहेडवर मागून घे. देत नसतील तर खातं देऊ नकोस.

मोघम पत्र घेणार नाही. माफी मागणार नाही. वर्ष गेलं तर जाईल, परत बसेन. अर्ज मागे घेणार नाही. सर, तुम्ही जे केलंत ते तुमच्या हातानं लिहून, खाली सही करून द्याल, त्या दिवशी मी थांबेन. त्याच्या आधी नाही.