टाच टेकत नव्हती

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझी पोस्टिंग ट्रेनिंग सेंटरला झाली. ड्रिल इन्स्ट्रक्टर. माझी नजर रिक्रूटच्या चेहऱ्यावर नसे, पायांवर असे. पुढच्या वर्षी सुटीवर दिघोरीजवळच्या आमच्या गावी आलो. पाऊस झाला नव्हता. धान जळालं होतं. तलावात नुसता चिखल उरला होता.

सकाळी गावातली पोरं काठ्या खांद्यावर घेऊन अंगणात फॉलइन व्हायची. सर्वांत पुढे शेजारचा बुधराम, आठ वर्षांचा.

"स्क्वॉड, तेज चल!"

बुधराम चवड्यांवर चालू लागला.

"टाच टेकव! नक्कल करून राहिला काय रे?"

"नाही जी काका, टेकतच नाही."

मागून एक पोरगी हसली. "बगळा होय थो!"

ती पुढे आली. तिचीही टाच वर होती.

मला संशय आला. एकेकाला चालवून पाहिलं. चवड्यांवर चालणारी सगळी पोरं मजुरांची होती. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा, सगळे ज्याला मालक म्हणत त्याचा, नातू मात्र खणखणीत टाच मारत होता.

बुधरामच्या घरी गेलो. त्याची आई लाखोळीच्या डाळीच्या पिठाची भाकर थापत होती.

"वैनी, तांदूळ नाही?"

"कोठचा तांदूळ, भाऊजी? मालक मजुरीत लाखोळीच देते. दोन्ही टाइम थेच."

फरक खाण्यातच असणार, म्हणून तडक मालकाकडे गेलो. तो जेवत होता. ताटात भात होता.

"मजुराईले लाखोळी काहून देता?"

"देतो हेच लय समज. अन् फौजी, इथं तुयी बॉर्डर नाही."

"तुमचा नातू खाते काय लाखोळी?"

त्याने भाताचा पुढचा घास उचलला.

बुधरामला एसटीने लाखांदूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजच बंद करा. नुसत्या या डाळीवर जगलं की पाय जातात. गेलेले परत येत नाहीत."

मी गावात सांगितलं. मजूर माझ्याकडेच संशयाने पाहू लागले. "हा आपली मजुरी बंद पाडते." वैनीने मात्र लाखोळी परत केली. मालकाने तिला बदल्यात दाणाही दिला नाही. आमच्या घरचा तांदूळ दोन्ही घरांनी वाटून खाल्ला. तोही संपला.

उपाशी बुधराम कमळाचे कंद खणायला तलावात उतरला. चिखल छातीला लागला. पाय उचलेनात, तो रुतत गेला. आम्ही दोर टाकून त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

पोरगं बुडालं, असं मालकाने पंचांना सांगितलं. तलावात पाणीच नव्हतं. पंचांनी तेच लिहून घेतलं.

पलटणीच्या मेळाव्यात आम्ही पडलेल्या जवानांची नावं घेतो. माझी पाळी आली की शेवटी मी बुधरामचं नाव घेतो. कोणीतरी विचारतं, कोणत्या आघाडीवर पडला?

मी सांगतो, आपल्याच गावात.