कात्रीच्या खुणेचे अध्यक्ष

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्याकडच्या बायका माझ्याकडे बघून उसासे टाकत. स्थळ खामगावचं, घर चांगलं, होणारे सासरे कचेरीत कारकून. पण मुलाला ऐकू येत नव्हतं. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "पोरी, तुझं मन काय म्हणते? मी जबरदस्ती करनार नाही."

मी मुलाला एकदाच पाहिलं होतं. तो आमच्या ओसरीवर बसला होता, आणि मोठी माणसं बोलत असताना त्याचं सगळं लक्ष माझ्या भावाच्या सदऱ्याच्या उसवलेल्या बाहीकडे होतं. निघायच्या आधी त्याने खिशातून सुईदोरा काढला, भावाला जवळ ओढलं आणि बाही शिवून दिली. मी वडिलांना म्हटलं, "चालते मले."

तेच माझे यजमान. सासऱ्यांनी यांना लहानपणीच नागपूरला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे हे लिहा-वाचायला शिकले, खुणांची भाषा शिकले आणि शिवणकाम शिकले. कारकुनाच्या मुलाने मशीनवर बसावं हे सासऱ्यांना काही रुचलं नव्हतं. पण बाजाराच्या रस्त्यावर यांचं दुकान छान चाले, आणि यांनी शिवलेला कोट घालून कचेरीत जाताना सासरे ताठ चालत.

लग्नानंतर हे मला खुणा शिकवू लागले. नथ म्हणजे सासूबाई. चिमूट नाकाशी न्यायची. मीठही चिमटीनेच, पण ती ताटापाशी चोळायची. एकदा घाईत माझी चिमूट नाकाशी गेली आणि मी यांना सांगून बसले की आज वरणात सासूबाई कमी पडल्या. हे असे हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या. आपलं हसणं ऐकू येत नसल्यामुळे यांचं हसणं चार घरं पलीकडे जाई.

या भाषेत प्रत्येकाचं खुणेचं नाव असतं. यांचं नाव कात्री: दोन बोटं कानाजवळ नेऊन उघडमीट करायची. तेव्हा बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. मी मात्र यांचं नाव दिवसभर, सासऱ्यांच्या देखत घेई आणि कोणाला बोलायला जागा नसे.

एका बाजाराच्या दिवशी वडनेर भोलजीचा एक शेतकरी बैल बघायला खामगावला आला होता. तरणा गडी, जन्मापासून बहिरा. एका व्यापाऱ्याच्या बैलाचे दात बघून तो आपल्या वाटेने निघाला. मागून शिपायाने हाक मारली, तो थांबला नाही. दुसरी हाक मारली, तरी थांबला नाही. त्याच सकाळी बाजारातून कोणाचा तरी बैल चोरीला गेला होता, तेव्हा शिपायाला वाटलं, हाच. त्याने धावत जाऊन मानगूट धरली आणि ठाण्यावर नेऊन बसवलं.

शेजारचा पानवाला दुकानात येऊन मला म्हणाला, "वहिनी, तिकडे एका मुक्याले पकडून ठेवलं हाय. भाऊंना सांगा." मी यांना सांगितलं. यांनी मशीनवरचा सदरा तसाच टाकला आणि चपला न घालता निघाले. मी मागोमाग गेले, कारण ठाण्यावर यांचं बोलणं तोंडाने सांगायला कोणीतरी हवंच होतं.

तो गडी भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता आणि शिपाई त्याच्यावर ओरडत होता, "काऊन बे, पयून काऊन राह्यला होता? बोल ना!"

हे त्याच्यासमोर खाली बसले आणि खुणा करू लागले. त्याला एकही कळेना. तो कोणत्याच शाळेत गेला नव्हता. घरापुरत्या त्याच्या त्याच्या चार खुणा, तेवढीच त्याची भाषा. मी शिपायाला विचारून बैलाची हकिकत यांना सांगितली, तेव्हा यांनी शिकलेल्या खुणा सोडल्या. दोन्ही हातांनी शिंगं केली, ओठ वर करून दात दाखवले, डोक्यावर पगडी बांधल्यासारखं केलं. गडी ताडकन उठला. त्याने व्यापारी दाखवला, बैलाचा पुढचा पाय लंगडतो ते स्वतः लंगडून दाखवलं, आणि असला बैल कोण घेईल म्हणून हात झटकले. मी सगळं शिपायाला सांगत गेले. व्यापाऱ्याला बोलावलं, तोही म्हणाला, "हाव साहेब, यानं बैल पाह्यला अन् गेला. माह्याकडलं काई गेलं नाई."

शिपाई ओशाळला. म्हणाला, "मले काय मालूम बाई? मी त्याले आवाज देल्ला होता." ते खरंच होतं.

सुटल्यावर तो गडी रडला नाही की पाया पडला नाही. त्याने यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उलटसुलट करून बघत राहिला. आम्ही त्याला घरी जेवायला आणलं. जेवताना हे त्याला एकेक खूण शिकवत होते: भाकर, पाणी, मिरची, घर. तो हावऱ्यासारखा शिकत होता, जेवणही विसरला.

दुसऱ्या दिवशी यांनी मला विचारलं, "असे अजून किती असतील?" मी म्हटलं, "मला कसं ठाऊक?" हे म्हणाले, "मलाही नाही. आणि त्यांना एकमेकांचं ठाऊक नाही."

यांनी एका फळीवर एक कान आणि दोन उघडे पंजे रंगवले आणि ती दुकानावर टांगली. अक्षर एकही नाही, कारण येणाऱ्यांना वाचता येणार नव्हतं. लोक थट्टा करत, "टेलरनं ज्योतिष सुरू केलं का?" पण पुढच्या बाजारापासून माणसं येऊ लागली. एक म्हातारा तेली आला, एक घिसाडी आला, नांदुऱ्याहून दोघे भाऊ आले. आईबाप मुलांना घेऊन येत. वडनेरचा गडी तर प्रत्येक बाजाराला हजर. हे मशीन चालवता चालवता मध्येच हात सोडून बोलत, आणि गिऱ्हाइकांचे कपडे तयार व्हायला उशीर होई.

दुकान पुरेना, तेव्हा सरकी काढायच्या जिनच्या एका मालकाने पावसाळ्यात बंद असलेली आपली कापसाची शेड बसायला दिली. तिथे आमच्या बहिऱ्यांच्या मंडळाची पहिली सभा झाली. सभा दिवसाउजेडीच ठेवावी लागे. अंधार पडला की आमच्या लोकांचं बोलणंच बंद. सगळे गोल बसले. कोणाचं लक्ष वेधायचं तर फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटायचा, ते सगळ्यांच्या तळव्यांना कळे.

यांनी एका वकिलांना बोलावलं होतं. यांचं म्हणणं, अध्यक्ष ऐकणारा आणि शिकलेला असावा, म्हणजे नागपूरच्या सरकारदरबारी वजन पडेल. वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी छोटं भाषण केलं, मी खुणांनी सांगितलं. मग हात वर करायची वेळ आली तर एकही हात वर होईना. म्हाताऱ्या तेल्याने पाय आपटला आणि दोन बोटं कानाशी नेऊन उघडमीट केली. नांदुऱ्याच्या भावांनी केली, वडनेरच्याने केली. बघता बघता शेडभर सगळे कात्री करत होते. यांचा चेहरा लालबुंद. हे नको नको म्हणत होते, पण यांच्याकडे कोण बघतंय! वकीलसाहेबांनी मला विचारलं, "हे काय म्हणताहेत?" मी सांगताच ते मनापासून हसले आणि त्यांनीही बोटं कानाशी नेली. पुढे कायदेशीर कामं त्यांनीच वर्षानुवर्षं आनंदाने केली.

मंडळात भांडणंही झाली. एकाने सुचवलं, सगळ्यांनी छातीला पत्र्याचा बिल्ला लावावा, म्हणजे शिपाई पकडणार नाहीत. दुसरा उसळला: "आपण काय डाग दिलेले बैल आहोत?" दोन सभा याच्यातच गेल्या. शेवटी यांनी तोडगा काढला. बिल्ला नको; शिपायांनाच शिकवू. हाक मारून माणूस थांबला नाही तर पुढे जाऊन हात हलवायचा, एवढंच. हे त्याच शिपायाला सभेला घेऊन आले. तो एकदा आला तो येतच राहिला. मंडळाने त्याचं नाव मिशी ठेवलं. त्याला ते फार आवडलं होतं.

बायका मात्र येत नव्हत्या. मग मी निघाले. धाड गावाजवळच्या एका घरी बहिरी मुलगी होती. तिची आई म्हणाली, "कायले नेता तिले? लोकं हसतीन." मी म्हटलं, "हसतीन तर हसतीन, मावशी. आमच्याकडे येऊन तिलेही हसू द्या." पुढच्या महिन्यात आई मुलीला घेऊन स्वतः आली. तिसऱ्या सभेला ती कोपऱ्यात बसून मुलीचे हात भराभर चालताना बघत होती. जाताना मला म्हणाली, "इतकं बोलते व्हय माही पोरगी?"

त्याच मुलीशी वडनेरच्या गड्याचं लग्न जमलं. त्याच्या थोरल्या भावाला धास्ती होती की दोघंही बहिरे, लेकरू रडलं तर ऐकणार कोण? यांनी त्याला विचारलं, "तुझी आई आहे ना घरात? आणि तू?" त्याने लगेच सुपारी फोडायचा दिवस विचारला.

लग्न वडनेरला झालं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि हे अंतरपाटाच्या बाजूला उभे राहून, माझ्या खुणा बघत, ती हातांनी सगळ्यांना सांगत होते. भटजी यांच्यासाठी मुद्दाम थांबत थांबत म्हणत. मंडळाच्या माणसांच्या अक्षता यांच्या हाताबरोबर पडल्या. मिशीनेही टाकल्या.

मग पंगत बसली. आमच्या लोकांची एक अडचण असते: बोलायचं तर हात लागतात आणि जेवायचं तरी हातच लागतात. सगळे बोलत होते, पत्रावळींवरचं अन्न गार होत होतं. वाढणारा बादली घेऊन तिसऱ्यांदा आला आणि कंटाळून ओरडला, "जेवा ना बाप्पा, गोष्टी मंग करा!"

मिशी दुसऱ्या पंगतीत होता, त्यामुळे आमच्यात ऐकणारी एकटी मीच. मी ते यांना सांगितलं, यांनी पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. निरोप पंगतीच्या टोकाला पोचला तेव्हा सगळ्यांनी मुकाट्याने घास घेतला, आणि लगेच त्या वाढणाऱ्याला कोणतं नाव द्यायचं यावर पुन्हा सगळे हात वर आले.