एगलेसवाली डोनर

डॉक्टरकडून लोक गोळ्या घेऊन येतात, मी दरवेळी किस्सा घेऊन यायचे! एग डोनर व्हायचं म्हणून माझ्या तपासण्या सुरू झाल्या आणि इतके किस्से साठले, की मैत्रिणी आता चहा नंतर टाकतात, आधी विचारतात, "पुढे काय झालं?"

आधी कारण सांगते. माझ्या नणंदेला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, तो दुसऱ्या कुणा बाईच्या स्त्रीबीजामुळे. (तिला विचारूनच सांगतेय हं!) ती बाई कोण, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तिचे आभार मानायची सोय नाही, म्हणून मी ठरवलं, आपणही कुणा अनोळखी बाईला द्यायचं. माझी मुलगी शाळेत जाते, माझी तब्येत ठणठणीत. मला पास व्हायचंच होतं!

पहिल्या दिवशी मीरा रोडच्या सेंटरमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, कितने साल से ट्राय कर रहे हो?"

मी म्हटलं, "लेने नहीं, देने आयी हूँ!"

अख्खी वेटिंग रूम माझ्याकडे बघायला लागली. एका बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा दिली.

*

मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते आणि घरी केक करते. सगळे एगलेस, कारण बिल्डिंगमधली अर्धी गिऱ्हाइकं गुजराती. एकदा लिफ्टमध्ये असताना सेंटरचा फोन आला. मी विचारलं, "एग्ज साधारण किती मिळतील? दहा-बारा?" शेजारी केकची ऑर्डर दिलेल्या हेतलबेन उभ्या!

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "केक कॅन्सल. तू तो एगलेस बोलती थी ना?"

त्यांच्या घरी गेले आणि दार लावून सगळं समजावून सांगितलं. हेतलबेन म्हणाल्या, "मतलब एग तेरे हैं, केक में नहीं?"

"नहीं!"

"तो चॉकलेटवाला रख."

*

सोनोग्राफीला डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "वा! दोन्हीकडे मस्त आहे!" माझ्या पोटातल्या कुठल्याही गोष्टीला आजवर कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. मी खूशच झाले.

मग रक्त. नवरा संमतीची सही करायला आला होता. माझ्या हाताशी सुई आली आणि तो पांढराफटक! नर्स म्हणाली, "दादा, डोळे उघडा. तुमचं नाही घ्यायचंय!"

*

खरी गंमत पुढेच. माझ्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे आजार विचारून यायचे होते. मी आत्याला फोन केला, "बीपी आहे का गं?"

"छे! रोज गोळी घेते ना!"

काकांना वाटलं, मी कुणासाठी तरी स्थळ बघतेय. म्हणाले, "सांग त्यांना, घराणं एकदम निरोगी. मुलगी कुठली आहे?"

अडलं ते आईपाशी. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या वस्तीतली माझी आई. दोन मामा तरुणपणीच गेले. कशाने, ते फक्त तिला माहीत आणि ते कळल्याशिवाय सेंटर पुढे जाणार नव्हतं. ती म्हणाली, "आपला पोर कुठं वाढंल, ठाव न्हाय. मी न्हाय सांगनार." मला राग आला, रडूही आलं. बाकी सगळे रिपोर्ट चांगले आणि घोडं अडलं आईच्या हट्टापाशी!

दोन दिवसांनी मी सेंटरमध्ये 'जमत नाही' सांगायला गेले, तर आई स्वतःच तिथे येऊन उभी; म्हणाली, "तुझ्या नंदंला पन कुनी दिलाच ना!" काउन्सेलर मॅडम नियमांच्या पक्क्या. आई त्यांच्यासमोर बसली आणि धडाधड बोलली, "एक भाव खाडीन बुरला. दुसरा दारून गेला." खाडीत बुडाल्याचं आणि दारूचं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "मग काहीच अडचण नाही." मी पास!

आई उठेना. म्हणाली, "ज्या बाईला मिलंल, तिला सांगा. पोर रडला त पाठ नको थोपटू, तलपाय चोल. ही तशीच व्हती, हिची पोरगी पन तशीच हाय."

"मावशी, असा निरोप देता येत नाही. कायदा आहे."

"बरा," आई म्हणाली आणि पदर सावरून निघाली. मी तिच्या मागोमाग.

आम्ही दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मॅडमनी मागून विचारलं, "मावशी, तळपाय तेल लावून, की कोरडेच?"