काकांच्या तारखेचा सत्कार

"आजची तारीख काय?" गेटपाशी हात आडवा करून काका विचारायचे. आपल्या हातात दुधाची पिशवी, ऑफिसला उशीर झालेला, तरी थांबावं लागायचं. तारीख सांगितली की ते डोळे मिटून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आजच्या दिवशी आपली पोरं जर्मनीत होती. गिटारवाल्याला ताप होता. तरी वाजवलंन त्याने."

आपली पोरं म्हणजे एक परदेशी रॉक बँड. जगभर गाजलेला. त्यातले जे उरलेत ते आता पणजोबांच्या वयाचे, पण काकांसाठी पोरंच. काकांचे मोठे भाऊ आखातात कामाला होते. त्यांनी येताना टेपरेकॉर्डर आणि त्या बँडच्या कॅसेटी आणल्या, आणि सहकारी बँकेतल्या या साध्या कॅशियरला त्याचं वेड लागलं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." त्यात दुःख वगैरे काही नसायचं. गॅसवर दूध ठेवलेलं विसरावं तसं ते सांगायचे.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल. ज्याला बघून लोक घड्याळ बघायचं नाटक करतात. मीही सुरुवातीला करायचे.

वर्षातली एक तारीख मात्र काकांची खास. ती मी इथे लिहीत नाही. लिहिली तर पुढच्या वर्षी त्या तारखेला अजून चार बॅनर लागतील. त्या बँडचं सगळं बरंवाईट या एकाच तारखेला घडलेलं. एका वर्षी याच दिवशी चौघं एका चर्चच्या तळघरात पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले. पुढे कधीतरी याच तारखेला त्यांची ती गाजलेली रेकॉर्ड बाजारात आली. याच तारखेला ड्रमवाला रुसून निघून गेला, याच तारखेला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि बऱ्याच वर्षांनी गाणारा गेला तोही त्याच दिवशी. काका म्हणायचे, "आपल्याकडची असती तर कुणीतरी नारायण नागबळी करायला लावला असता."

त्या संध्याकाळी काका खिडकी उघडायचे. प्रत्येक घटनेचं एक गाणं, आधी त्या वर्षी काय झालं ते दोन वाक्यांत. आवाज बेताचा, खालच्या झाडापर्यंत पोचेल एवढाच. चहा आणि खारी ठेवलेली असायची. ज्याला यायचं त्याने यावं. मी जायचे. इंग्रजी मला नीट येतं, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पण गाण्यातले शब्द मला कळायचे नाहीत. काका सांगायचे, "शब्द सोड. मागे ड्रमवाला झांजेला नुसता हात लावतो बघ, ते ऐक." इतकं बारीक ऐकायचे ते. मला ती झांज कधीच ऐकू आली नाही. त्यांना यायची, आणि ऐकू आली की चेहरा असा व्हायचा, जसं कुणी ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं. वर्षभर ते या एका संध्याकाळसाठी जगायचे म्हटलं तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चौकातल्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं की यंदा काकांची तारीख आपण साजरी करायची. निवडणुकीचं वारं होतं. वॉर्डातून उभं राहू बघणारे एक भाऊ आहेत, त्यांना रोज कुठला ना कुठला कार्यक्रम लागतो. जयंत्या, हळदी, पूजा, सगळ्यांना स्पीकरच्या भिंती लागतात. आमच्याही जयंतीला लागतात, मी कुणाला सोडून बोलत नाही. भांडी हलतात, छातीत धडधडतं, म्हाताऱ्यांना बाथरूममध्ये नेऊन बसवतात. आणि याला आनंद म्हणायचं.

काका नको म्हणाले. पोरं म्हणाली, "काका, तुम्ही फक्त बसायचं. बाकी आपल्यावर सोडा."

बॅनर लागला. वर भाऊ हात जोडून, खाली शुभेच्छुकांची डोकी, एकेकाच्या गळ्यात सोन्याची साखळी. कोपऱ्यात बँडचा फोटो, तोही भलत्याच बँडचा. काका तो बघून वर घरी गेले.

लग्नातली लाल मखमलीची खुर्ची आणली. दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती, मधे काका. शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. फेट्याने कान झाकले गेले होते, तेवढंच नशीब म्हणावं, तर एकाने फोटोसाठी तोही वर सरकवला. मग काकांचीच गाणी लावली. खाली हलगीचा ठेका घातलेली, दुप्पट वेगाने. गाणाऱ्याचा आवाज मांजर चिरडल्यासारखा येत होता. समोर पोरं नाचत होती, तोंडातला गुटखा तिथेच थुंकत होती. आणि सत्कारमूर्तीला उठता येत नाही, कारण भाऊ यायचे आहेत. भाऊंचे त्या संध्याकाळी आणखी कार्यक्रम होते.

मी स्पीकरवाल्याकडे जाऊन आवाज कमी करायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "ताई, काकांचाच प्रोग्राम आहे ना."

मी काकांना हाताला धरून उठवायला गेले. त्यांनी तळहात दाखवला. बस, जाऊ दे. दुसऱ्याचा कार्यक्रम मोडायचा नाही असल्या वळणाचा माणूस. स्वतःचा मोडला तरी.

भाऊ आले, काकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, बँडचं नाव चुकीचं घेतलं आणि गेले. सकाळी चौकात प्लास्टिकचे ग्लास, लाल पिचकाऱ्या, सडलेली फुलं. त्या सगळ्याचा आंबूस वास. अजूनही तिथून जाताना मी श्वास धरते.

काकांच्या कानात शिट्टी सुरू झाली ती थांबलीच नाही. कल्याणच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. एका कानाची नस गेली म्हणाले, औषधाने येत नाही. रिक्षात मी भाऊंना, मंडळाला, स्पीकरवाल्याला शिव्या घालत होते. काका म्हणाले, "पोरांनी प्रेमाने केलं गं." त्यांना माझं अर्धं ऐकू आलं नसणार. मला त्या प्रेमाचीच शिसारी आली. आमच्याकडे माणसाला मारायचं असेल तर शत्रू लागत नाही, शाल आणि नारळ पुरतो.

सोसायटीत हा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, वयाने होतं असं. चेअरमनच्या बायकोला तर फोटो छान आल्याचं कौतुक होतं.

काही महिन्यांनी काका फ्लॅट विकून शहाडला मोठ्या भावाकडे राहायला गेले. गेटवर आता कुणी तारीख विचारत नाही.

पुढच्या वर्षी त्या तारखेला चौकात पुन्हा भिंती लागल्या. पोरांना तारीख पाठ झाली होती. बॅनरवरून बँड गेला होता, फक्त भाऊ होते. आज काय आहे म्हणून मी एकीला विचारलं. ती म्हणाली, भाऊंचं असतं काहीतरी दरवर्षी. मखमलीच्या खुर्चीत भाऊ स्वतःच बसले होते. मी रिक्षा केली आणि शहाडला गेले.

काका ओट्यावर बसले होते. अंगाने उतरले होते. मला बघून उठले, बाजूला जागा केली. मी त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन विचारलं, माझ्या मोबाईलवर हळू लावू का?

"नको. लावलं की शिट्टीच वाजते. नुसतं आठवलं की नीट ऐकू येतं."

मग त्यांनी चर्चच्या तळघराचं सांगितलं, दोन वाक्यांत, नेहमीसारखं. आणि डोळे मिटले. उजव्या पायाचा अंगठा चपलेवर हलायला लागला. आतून त्यांच्या वहिनीने चटणीसाठी मिक्सर लावला. माझे दात शिवशिवले. काकांचा अंगठा ठेक्यात चालू होता, मधेच एका जागी थांबला, आणि त्यांचा चेहरा उजळला.