आमच्या ओसरीवरचा बातमीदार

खरं बोलण्याची इतकी खोड असलेला दुसरा माणूस कुंभकोणम्‌नं पाहिला नसेल, आणि हा तर पेपरात लिहून पोट भरणारा! आमच्या ओसरीलगतची खोली भाड्यानं घेऊन राहिलेला हा परदेशी बातमीदार सगळ्या गल्लीचा 'पेपरकार' होता. ओसरीवर टाइपरायटर मांडून बसला की रस्त्यातली माणसं थांबत, आणि त्यानं चुकलेला कागद फाडला की त्याच्याहून जास्त हळहळत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असल्यामुळे त्याचा दुभाषा होणं ओघानंच आलं. तिघांनी दुजोरा दिल्याशिवाय तो अक्षर लिहीत नसे. एकदा देवळातल्या हत्तिणीचं वय विचारत निघाला. एकानं चाळीस सांगितलं, दुसऱ्यानं साठ. तिसऱ्याच्या घरी पोचलो तर ते दोघं तिथं आधीच हजर. पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून तिघांनी मिळून पन्नास ठरवलं होतं. त्यानं हत्तीणच बातमीतून गाळली.

त्याच्या संपादकाला हिंदुस्थानातून साप, साधू आणि दुष्काळ हवे असत. हा पठ्ठ्या कालव्याला पाणी कधी सुटलं आणि शेजारच्या पापनाशम्‌कडे भाताची लावणी कशी चाललीय ते कळवी. शेवटी तिकडून तंबी आली, की बारा वर्षांनी येणाऱ्या महामाघ स्नानाची बातमी तरी सगळ्यांच्या आधी पाठव, नाहीतर परत ये. गाव सोडायच्या कल्पनेनं बिचारा कॉफी तशीच ठेवून उठला.

स्नानाच्या दिवशी त्यानं तळ्याच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्याच बातमी लिहिली. गर्दी मुंगीला वाट देत नव्हती, म्हणून मागचे बोळ ठाऊक असलेल्या माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे, ती तारेनं पाठवायला दिली. आप्पा धापा टाकत तारघराशी पोचले आणि दारातच बसून राहिले. राहुकाळ लागला होता, आणि त्या दीड तासात आमच्याकडे कुणी चांगलं काम सुरू करत नाही. तो सरल्यावर त्यांनी तार केली. तोवर मद्रासहून आलेल्या दुसऱ्या परदेशी बातमीदाराची तार पुढं निघून गेली होती.

"राहुकाळांत कसें धाडूं, सार? तुमच्या नोकरीची गोष्ट होती," आप्पा अभिमानानं म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला आणि मग खो खो हसत सुटला.

लवकरच त्याला परत बोलावणारी तार आली. त्याचा उतरलेला चेहरा पाहून आप्पा घाबरले आणि काय लिहिलंय म्हणून मला विचारू लागले. त्यानं आप्पांकडे पाहिलं आणि तार घडी करून खिशात घातली. मग मला हळूच म्हणाला, "सांगा त्यांना, आपली बातमी सगळ्यांच्या आधी पोचली. मला बढती मिळालीय, म्हणून जातोय."

मी तसंच सांगितलं. आप्पांनी गल्लीभर साखर वाटली.

पुढं कित्येक वर्षं आप्पा येईल त्याला त्या बढतीची गोष्ट सांगत आणि साक्षीला माझ्याकडे पाहत. मी हो म्हणत असे. फार आवडायचा मला तो माणूस. कॉलेजात त्याचा पेपर उशिरानं का होईना, येत असे. मी तो चाळत राही. आमच्या गावचं नाव त्यात पुन्हा कधी दिसलं नाही.