चक्राच्या आऱ्या

शुक्रवार पेठेत आमच्या शाळेसमोर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. सगळे मामाच म्हणतात. बोलतात मराठीत, पण मोजतात तेलुगूत, ओठांतल्या ओठांत.

चौदा ऑगस्टला मी शाळेचा नवा झेंडा दोरीची पट्टी पक्की करून घ्यायला नेला. त्यांनी तो धुतलेल्या पंच्यावर पसरला आणि निळ्या चक्राच्या आऱ्या मोजल्या.

"सर, चोवीस पायजेत. तेवीसच हाईत की."

"मामा, खालून कोण मोजतंय?"

त्यांनी चष्मा काढला. "आधी हितं चरखा व्हता. एकीकडनं सरळ, दुसरीकडनं उलटा दिसायचा. म्हणून चक्र घेतलं, दोन्हीकडनं सारखं. त्या लोकांनी एवढा इचार केला, अन् आपण मोजायचं बी न्हाय?"

त्यांनी कपाटातून स्वतःचा, नीट घडी घातलेला झेंडा काढून माझ्या हातात दिला.

सकाळी तोच चढला. सलामी देताना मला ते फाटकाबाहेर दिसले, चपला काढून, वाकलेली पाठ शक्य तितकी ताठ करून उभे. त्यांना आत बोलवायचं मला सुचलंच नव्हतं.