फोटोतली शाल

मुलगी नोकरीच्या साइटवरचं माझं प्रोफाइल सुधारायला बसली आहे आणि मी तिच्या खुर्चीमागे येरझारा घालतोय. बरा फोटो हवा म्हणाली. शोधून शोधून एकच सापडला, कारखान्यातला आमचा विभाग बंद झाला त्या निरोपाच्या दिवसाचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, तोंडभर हसू.

"बाबा, यात तू रिटायर झाल्यासारखा दिसतोस. कोण बोलावेल तुला?"

खरंच आहे. नारळ तिने चौकटीबाहेर घालवला. शाल हटेना, तेव्हा फोनवर बोट फिरवून तीही पुसली. शालीच्या जागी फोनने आपणच पांढराशुभ्र शर्ट भरलाय. माझा तर त्या दिवशी चौकड्यांचा होता. मग हा कुणाचा?

मी खिडकीपर्यंत जाऊन परत येतो. नावाखालच्या ओळीत तिने 'अनुभवी' खोडून 'उत्साही' केलंय. नुसत्या आवाजावरून मी मशीनचा बिघाड ओळखतो, त्याला तिथे रकानाच नाही.

हसू मात्र तिने राहू दिलंय. शाल पांघरताना शेजारच्या मशीनवरचा सदा कानात पुटपुटला होता, "उकडेल, पण पाच मिनिटं सोस." त्यालाच हसलो होतो मी.

"झालं! बघ, कसा वाटतोस?"

तिने फोन समोर धरला. कुणी तरतरीत गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होता. आणि माझा हात आपसूक खांद्याकडे गेला, घसरलेली शाल सावरायला.